इंदूरला विमानाने किती वेळ?

प्रश्न : माझी लेक इंदूरला दिली आहे. नातवाच्या मुंजीला यंदा पहिल्यांदाच नागपूरहून विमानाने निघाले आहे. मोबाइल म्हणतो अंतर ३८० किलोमीटर, वेळ तासाच्या आत. तिकिटावर १ तास १० मिनिटं. जावई म्हणतात, पाचशेच्या आसपास किलोमीटर आहे. कोणाचं खरं धरू? आणि जावयांना घ्यायला किती वाजता बोलवू?
— एक आजी, प्रतापनगर

उत्तर : ताई, जावयांशी वाद घालू नका, त्यांचंही बरोबर आहे. ते रस्त्याचं सांगतात. सावनेर, मुलताई, बैतूल, हरदा असा तो सातपुड्यातून वळणं घेत जातो. आपला नागपूरचा सोनेगाव विमानतळ ते इंदूरचा अहिल्याबाई होळकर विमानतळ सरळ रेषेत मोजा, ३८०च भरेल.

वेळेचा घोळ जुनाच. सीताबर्डीवर तिकिटं काढून देण्यात माझी हयात गेली. गिऱ्हाईक हटकून विचारायचं, मुंबई ६८५ किलोमीटर असून दीड तास, मग इंदूरला पाऊण तास का नाही? अहो, मुंबईचं जेट ताशी आठशेच्या पुढे पळतं. तुमच्या तिकिटावर विमानाचा प्रकार बघा. एटीआर लिहिलं असेल तर ते पंख्याचं विमान, ताशी पाचशेच्या आसपास. म्हणजे नुसतं अंतर कापायलाच पाऊण तास गेला. मोबाइल बहुधा जेटचा वेग धरून हिशेब करतो.

शिवाय तिकिटावरची वेळ हवेतली नव्हे. सोनेगावला चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून इंदूरला ते परत लावेपर्यंतची ती वेळ. आपली धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे. वायव्येकडे उड्डाण मिळालं तर इंदूरची दिशा जवळपास समोरच. वारा बघून आग्नेयेकडे सोडलं तर आकाशात वळसा आलाच. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेचा, त्यामुळे जाताना तो तोंडावर आणि येताना पाठीशी. परतीला चार-पाच मिनिटं वाचली तर नवल नाही.

वंदे भारतचाही विचार झाला असेलच. ती इटारसी, भोपाळ, उज्जैन असा फेरा घेते, आठ तासांच्या वर लागतात. मुंजीच्या घाईत विमानच बरं.

प्रतापनगरहून विमानतळ हाकेच्या अंतरावर म्हणून गाफील राहू नका. सामान घेण्याचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, दोन तास आधी पोचाच. जावयांना तिकिटावरची उतरण्याची वेळ सांगा, वर वीस मिनिटं धरायला लावा. एटीआरमध्ये सत्तर-ऐंशीच माणसं, बॅगा लवकर हाती येतात. मात्र डोक्यावरचे कप्पे लहान असतात, तेव्हा भिक्षावळीच्या लाडवांचा मोठा डबा बॅगेतच घाला, हातात नको.