मुलासाठी पहिली इलेक्ट्रिक गिटार निवडताना

आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी गिटार घेताना आधी माप पाहावे, रंग आणि ब्रँड नंतर. नेहमीच्या गिटारीत नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतची (गिटारीच्या अंगावर तारा टेकतात तो भाग) लांबी साधारण 24.75 ते 25.5 इंच असते. लहान मापाच्या गिटारींपैकी स्क्वायरच्या मिनी स्ट्रॅटमध्ये ती 22.75, तर आयबानेझच्या मायक्रोमध्ये 22.2 इंच आहे. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी गिटार घेणे ही पालकांची नेहमीची चूक आहे, कारण पहिल्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) हात ताणूनही ज्याची बोटे नीट बसत नाहीत, ते मूल लवकरच कंटाळते. म्हणून मुलाला सोबत न्यावे, बसवून गिटार हाती द्यावी आणि खांदा वर उचलला जातो का, ते पाहावे.

दुसरी बाब तारांच्या उंचीची. बाराव्या फ्रेटवर तार 2 मिलिमीटरहून बरीच वर असेल, तर बोटे विनाकारण दुखतात. अशा वेळी सेटअप, म्हणजे तारांच्या उंचीची जुळणी, करून घ्यावा आणि पातळ तारांचा संच चढवावा. मानेच्या कडेवरून तळहातही फिरवावा. फ्रेटची टोके टोचत असतील, तर ती गिटार नकोच.

सोबत एवढे पुरे:
- हेडफोनची सोय असलेला लहान अँप्लिफायर (घरच्यांसाठीही!)
- केबल, पट्टा, काही पिक
- क्लिपचा ट्यूनर

फ्लॉइड रोझ पद्धतीचा तरंगता (स्प्रिंगांच्या ताणावर तोललेला) ब्रिज मात्र टाळावा, कारण एक तार तुटली की बाकीच्याही बेसूर होतात. पिकअप (तारांचा कंप टिपणारे भाग) आणि लाकूड यांची चर्चा तूर्त बाजूला ठेवावी. ‘आधी अकूस्टिकच शिकायला हवी’ हा आग्रहही मला पटत नाही. इलेक्ट्रिकच्या तारा दाबायला हलक्या असतात.