घर तारण ठेवून भयपट काढावा का?

पुण्याच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, व्यवसाय स्वतंत्र लेखन-दिग्दर्शनाचा. जाहिरातपट आणि मालिकांच्या लेखनातून महिन्याला सरासरी ६० हजार रुपये मिळतात, पण नियमित नाही. पत्नी शिक्षिका असून त्यांच्या हाती ५२ हजार येतात. मुलगी सात वर्षांची आहे आणि घरखर्च ४८ हजारांचा आहे. बँकेत ९ लाखांची मुदत ठेव, इक्विटी म्युच्युअल फंडात १४ लाख आणि दोघांच्या नावावर कर्ज फिटलेला एक फ्लॅट आहे. वाईजवळच्या एका पडक्या वाड्यात घडणाऱ्या भयपटाची पटकथा तयार असून खर्चाचा अंदाज ४५ लाखांचा आहे. त्यासाठी फ्लॅटवर ३० लाखांचे कर्ज घ्यायचे आणि उरलेले १५ लाख ठेव व फंडांतून काढायचे, असा बेत आहे. दुसरीकडे एक निर्माता हीच पटकथा सर्व हक्कांसह ८ लाखांना मागत आहे, मात्र दिग्दर्शन देण्याचे आश्वासन त्यात नाही. यातले काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

स. न.

आपले पत्र मी दोनदा वाचले. बारा वर्षे इतरांसाठी लिहिल्यानंतर स्वतःचा चित्रपट करण्याची आपली ओढ मला पूर्णपणे समजते आणि ती मोडावी असे मला मुळीच वाटत नाही. तरीही घर तारण ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ८ लाखांचा प्रस्तावही आहे त्या स्वरूपात स्वीकारू नये.

कर्जाचा हिशेब आधी पाहू. ३० लाखांच्या कर्जावर १० टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर मासिक हप्ता सुमारे ३९,६०० रुपये येतो आणि एकूण व्याज साडेसतरा लाखांच्या घरात जाते. चित्रीकरण, संकलन, ध्वनी, प्रमाणपत्र आणि प्रदर्शन यांत दोन वर्षे जाणे अगदी स्वाभाविक आहे. त्या दोन वर्षांत चित्रपटातून एकही रुपया न येता सुमारे साडेनऊ लाख रुपये हप्त्यांत जातील आणि नेमक्या त्याच काळात आपले लेखनाचे उत्पन्न जवळजवळ थांबलेले असेल. पत्नीच्या पगारातून घरखर्च भागल्यावर चार हजार उरतात. मग हप्ता कोठून भरणार? कर्ज दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसे मागते, चित्रपटाचे उत्पन्न मात्र केव्हा येईल हे कोणीही लिहून देऊ शकत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या ‘तुंबाड’ या हिंदी भयपटाने सप्टेंबर २०२४ मधील पुनर्प्रदर्शनात पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली, ही या प्रकारच्या चित्रपटाला आशा देणारी गोष्ट आहे, परंतु मध्ये सहा वर्षे गेली, म्हणजे आपल्या कर्जाचे ७२ हप्ते.

तिकीटबारीचाही अंदाज घ्यावा. १५० रुपयांच्या तिकिटातून १८ टक्के जीएसटी वजा जाता सुमारे १२७ रुपये उरतात. मल्टिप्लेक्समधील पहिल्या आठवड्याचा निम्मा वाटा आपल्या बाजूला येतो असे धरले, तर तिकिटामागे ६३ रुपये मिळतात आणि पुढच्या आठवड्यांत हा वाटा घटत जातो. वितरकाचे कमिशन बाजूला ठेवले तरी केवळ ४५ लाख परत मिळवण्यासाठी सत्तर हजारांहून अधिक प्रेक्षकांनी तिकीट काढून यावे लागेल. शिवाय आपल्या अंदाजपत्रकात प्रसिद्धीचा आणि चित्रपटगृहांच्या डिजिटल प्रक्षेपणशुल्काचा खर्च मला कोठेच दिसला नाही.

भयपटाची म्हणून काही खास आर्थिक बाजू आहेत आणि त्यांतल्या काही आपल्या लाभाच्या आहेत. या प्रकारात प्रेक्षक ताऱ्यांसाठी येत नाही. एक वाडा, पाच नट आणि उत्तम लेखन एवढ्यावर चित्रपट उभा राहू शकतो. मात्र रात्रीच्या शिफ्ट, जनरेटर, दिवे आणि युनिटची ने-आण यांचा खर्च हमखास वाढतो. त्याहून महत्त्वाची बाब ध्वनीची आहे. भयपट निम्मा कानाने पाहिला जातो, आणि स्वतःच्या पैशाने काम करणाऱ्यांचे पैसे नेमके साउंड डिझाइन आणि फायनल मिक्सच्या, म्हणजे सर्व ध्वनींच्या अंतिम मिश्रणाच्या वेळी संपतात. म्हणून एकूण रकमेचा किमान पाचवा हिस्सा चित्रीकरणाआधीच ध्वनी आणि रंगसंस्कारांसाठी वेगळ्या खात्यात ठेवावा, असा माझा आग्रह आहे. प्रमाणपत्राचा विचारही लेखनाच्या टप्प्यावरच करावा, कारण ‘ए’, म्हणजे केवळ प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्राचा चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवता येत नाही आणि उपग्रह हक्कांचे (वाहिन्यांना विकायच्या प्रक्षेपण हक्कांचे) दार तेवढ्यापुरते बंद होते. आपली कथा ‘यूए १६+’ (सोळा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे मार्गदर्शन सुचवणारे प्रमाणपत्र) मध्ये बसत असेल, तर एखाद्या रक्तरंजित दृश्याची किंमत लाखांत मोजावी लागेल, हे लक्षात ठेवून ते दृश्य ठेवायचे की नाही ते ठरवा. राज्य शासनाच्या मराठी चित्रपट अनुदानासाठी अर्ज जरूर करावा, परंतु ते चित्रपट पूर्ण होऊन त्याला दर्जा मिळाल्यावरच येते, त्यामुळे आजच्या हिशेबात ते शून्य धरावे.

मग पैसा आणायचा कसा? या प्रश्नावर मला जॉर्ज रोमेरो यांचे उदाहरण नेहमी आठवते. पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट आणि औद्योगिक लघुपट करणाऱ्या या दिग्दर्शकाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या पहिल्या भयपटासाठी दहा जणांकडून प्रत्येकी ६०० डॉलर गोळा केले. पुढे आणखी गुंतवणूकदार आले आणि सुमारे १,१४,००० डॉलरमध्ये १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पूर्ण झाला. जोखीम अनेकांत वाटली गेली, हे त्यांचे शहाणपण होते. नुकसान झाले ते वेगळ्याच ठिकाणी. वितरकाने चित्रपटाचे नाव बदलताना कॉपीराइटची सूचना गळाली आणि त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. जगभर पाहिल्या गेलेल्या त्या चित्रपटाच्या असंख्य प्रती इतरांनी विकल्या आणि मूळ मंडळींना त्या विक्रीवर हक्क सांगता आला नाही. आपल्याकडे हक्कासाठी अशा सूचनेची गरज नाही, पण करारातील ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी’ एवढे शब्द जवळपास तेच काम करतात.

म्हणूनच ८ लाखांचा प्रस्ताव मला स्वस्त वाटतो. भयकथेचे खरे मोल पुष्कळदा पुढच्या भागांत आणि अन्य भाषांतील पुनर्निर्मितीत असते आणि तेच आपण देऊन टाकत आहात. आपल्याकडे आणखी दोन पटकथा तयार असल्याचे आपण लिहिले आहे. त्यांपैकी एक या निर्मात्यापुढे ठेवा, आणि दोन वर्षांत चित्रीकरण सुरू न झाल्यास हक्क परत येतील, तसेच पुढील भागांसाठी वेगळे मानधन मिळेल, अशी कलमे करारात घाला. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरील वापरावरचा लेखकाचा रॉयल्टीचा हक्क करारानेही काढून घेता येत नाही, हे आपल्याला ठाऊक असावे. सहीपूर्वी वकिलाला दाखवण्याचा खर्च टाळू नका. निर्मात्याकडून मिळणारे मानधन अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने, म्हणजे जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून दाखवता येते, त्यामुळे कराचा भार हलका राहील.

वाड्याच्या चित्रपटात आपण स्वतःचे ७ लाख घालावेत, त्याहून एक रुपयाही अधिक नको. हा आकडा असा आला: बारा महिन्यांच्या घरखर्चासाठी ठेवीतले ६ लाख अबाधित ठेवावेत आणि ३ लाख वापरावेत, फंडांतून ४ लाख काढावेत, तेही १.२५ लाखांपर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त असल्याने दोन आर्थिक वर्षांत विभागून. उरलेले १० लाख मुलीच्या शिक्षणाचे आहेत. चित्रपट पूर्ण बुडाला, तरी महिन्याला २० हजार बाजूला टाकून ७ लाख तीन वर्षांत भरून काढता येतात. ३० लाखांचे तसे नाही.

बाकीच्या पैशासाठी एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी संस्था) स्थापन करून प्रत्येकी ४-५ लाख देऊ शकणारे चार भागीदार शोधा आणि नफ्याबरोबर तोट्याचीही वाटणी लेखी करा. ओळखीपाळखीत ठराविक परताव्याचे वचन देऊन पैसे मुळीच घेऊ नका. अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा त्यावर लागू होऊ शकतो. असे सुमारे २५ लाख जमतील. त्यात बसेल अशी पटकथा पुन्हा लिहावी लागेल, आणि त्यातला वाड्याला आग लागण्याचा प्रसंग बहुधा गाळावा लागेल, याची मला कल्पना आहे. भागीदारांना पटवण्यासाठी आधी लाखभर रुपयांत दहा मिनिटांचा एकच प्रसंग चित्रित करा. अमेरिकी दिग्दर्शक सॅम रायमी यांनी १९७८ मध्ये सुमारे १,६०० डॉलरमध्ये अर्ध्या तासाचा नमुनापट करून तोच गुंतवणूकदारांना दाखवला होता आणि त्यातून ‘द इव्हिल डेड’ या भयपटासाठी पैसा उभा राहिला. आपल्या लाखभर रुपयांत भागीदार मिळाले नाहीत, तर उरलेले ६ लाख हातात असताना आपल्याला थांबता येईल.

बँकेच्या मंजुरीपत्रावर महिनाअखेरपर्यंत सही करायची आहे आणि प्रक्रिया शुल्काचे १७,७०० रुपये भरून झाले आहेत, असे आपण कळवले आहे. ते पैसे गेले असे समजावे. फ्लॅट दोघांच्या नावावर असल्याने पत्नीचीही सही लागणार आहे, आणि त्यांना हप्त्याचा आकडा अद्याप सांगितलेला नाही हे आपल्या पत्राच्या शेवटच्या ओळीत मी वाचले. आज संध्याकाळी वरचे दोन्ही हिशेब, कर्जाचा आणि ७ लाखांचा, त्यांच्यासमोर कागदावर मांडा.