दिवाळीच्या खर्चासाठी घरबसल्या चार पैसे कसे मिळवता येतील? लहान मूल आहे, बाहेर जाता येत नाही.

तयार फराळापेक्षा चकलीची भाजणी विका. तळण नाही, तुटफूट नाही, आणि मूल झोपलं की काम पुढे सरकतं.

प्रमाण: तांदूळ 1 किलो, हरभरा डाळ अर्धा किलो, उडीद डाळ व मूग डाळ पाव-पाव किलो, धणे मूठभर, जिरे त्याच्या निम्मे. तांदूळ-डाळी धुऊन सावलीत कापडावर खडखडीत वाळवा. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजा. एकत्र भाजलंत तर मूग करपतो नि तांदूळ कच्चा राहतो. पूर्ण गार झाल्यावरच दळायला द्या, नाहीतर पिठाला वाफ धरते. गिरणीवाल्याला सांगा, गव्हावर दळू नको. चकली बिघडली की दोष भाजणीलाच येतो, म्हणून पाकिटात चिठ्ठी घाला: मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर कडक होते.

दसऱ्यालाच ऑर्डर घ्या, निम्मे पैसे आगाऊ. भाव ठरवताना दळण, गॅस, पाकीट धराच. आपली मजुरी तर बहुतेकजणी विसरतातच! एफएसएसएआयची (केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची) मूलभूत नोंदणी ऑनलाइन होते, ती आधी करा.