जॅझचे सिनेमे नागपूरला झेपत नाहीत? आधी मधला आवाज तपासा

नमस्कार. नागपुरात जॅझवरचे सिनेमे दाखवण्याबद्दलची तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवेना. तुम्ही सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करवरचा 'बर्ड' लावला, चाळीस जण आले, मध्यंतरानंतर अकरा उरले. लोक म्हणाले आवाज गढूळ आहे, कोण काय बोलतंय कळत नाही. आणि तुमच्याच गटातल्या एकाने निकाल दिला की नागपूरला जॅझ झेपत नाही, उरलेले चार सिनेमे रद्द करा.

रद्द करू नका. हेच वाक्य नऊ वर्षांपूर्वी माझ्या तोंडावर एकाने फेकलं होतं आणि मी ते खरं मानलं. त्यात माझी दोन वर्षं गेली.

प्रोजेक्टर, पडदा, व्हॉट्सअ‍ॅपवरची निमंत्रणं हे तुम्ही सगळं केलेलंच आहे, त्यावर काही लिहीत नाही. हक्कधारकाची लेखी परवानगीही घेतली असेल असं धरते. नसेल तर आधी घ्या, घरी बघायची डिस्क सार्वजनिक खेळाला चालत नाही. परदेशी सिनेमाला आपल्याकडचं सेन्सॉर प्रमाणपत्र आहे का, हेही बघावं लागतं. कॉलेजच्या आत फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक असतील तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली सवलत आहे, पण दार सगळ्यांना उघडलं की ती संपली. मी वकील नाही, एखाद्या जाणकाराला विचारून घ्या.

आता मुद्द्यावर येते. आम्ही पहिला खेळ 'व्हिप्लॅश'चा लावला होता, ड्रम शिकणारा पोरगा आणि त्याचा जहाल शिक्षक यांची गोष्ट. १२० खुर्च्यांचा हॉल, सत्तरेक माणसं. सिनेमा सुरू झाला, ड्रम दणदणीत वाजले, लोक सावरून बसले. मग तो शिक्षक वर्गात आला, जे. के. सिमन्स, ज्याला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. त्याने तोंड उघडलं आणि आवाजच नाही. म्हणजे अगदी नाही असं नाही. विहिरीच्या तळातून कोणी बोलावं तसं काहीतरी. त्या सिनेमाचा कणा असलेला प्रसंग तुम्हाला आठवत असेल: तो पोराला पुन्हा पुन्हा विचारतो की तू लयीच्या पुढे गेलास की मागे राहिलास. आमच्या पडद्यावर एक माणूस ओठ हलवत होता आणि खाली इंग्रजी अक्षरं येत होती. साउंडवाल्याने आवाज वाढवला, तर ड्रम कानात घुसले आणि बोलणं होतं तिथेच राहिलं. विसाव्या मिनिटाला पुढच्या दोन रांगा उठल्या.

कारण मला फार उशिरा कळलं, तेही घरी, टीव्हीसमोर. अशा डिस्कवरचा आवाज सहा वाटांनी येतो: डावा, उजवा, मधला, मागचे दोन आणि एक फक्त खर्जासाठी. माणसांचं बोलणं जवळजवळ सगळं मधल्या वाटेने येतं. हॉलच्या मिक्सरला आम्ही प्लेअरमधून दोनच वायरी दिल्या होत्या, डावी आणि उजवी. मधली वाट कुठे जोडलेलीच नव्हती. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन 'स्टीरिओ' किंवा 'डाउनमिक्स' निवडलं की सहा वाटांचा आवाज दोनांत मिसळून येतो. कुठल्या प्लेअरवर त्याला 'पीसीएम स्टीरिओ' म्हणतात. एक मिनिटाचं काम. लॅपटॉपवरून लावत असाल तर व्हिडिओ प्लेअरच्या ऑडिओ मेनूतही हेच असतं. तुमच्या 'बर्ड'चं शंभर टक्के हेच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण बोलणं कळत नाही आणि संगीत ऐकू येतं, हे लक्षण याचंच आहे.

आणि हे एक मिनिटाचं काम का झालं नाही, तर आम्हाला आवाज तपासायला वेळच मिळाला नाही. हॉलचं नाव घेत नाही, बुकिंगचं ऑफिसही कुठलं ते सांगत नाही. आदल्या दिवशी एक तास द्या, त्याचं भाडं वेगळं घ्या, असा अर्ज घेऊन मी गेले. पहिल्या दिवशी सांगितलं, अर्ज आवक नोंदवहीत चढवून आणा. चढवून आणला तर साहेब रजेवर. तिसऱ्या दिवशी कळलं की नियमात 'तपासणी' असं काही नाही, नाटकवाल्यांना 'रंगीत तालीम' मिळते, सिनेमाला तालीम कशाला? मी म्हटलं, मग तालीम लिहून देते. तर म्हणे, तालमीला कलाकारांची यादी जोडा. शेवटी खेळाच्या अर्धा तास आधी दार उघडलं. त्या अर्ध्या तासात खुर्च्या लावायच्या की वायरी? आणि प्रेक्षक निघून गेल्यावर त्याच ऑफिसने वीस मिनिटं उशीर झाला म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापले. पावती अजून माझ्याकडे आहे.

पण खरी चूक माझीच. बुकिंग करताना, पैसे भरायच्या आधी, 'आवाज तपासणीसाठी आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी एक तास' ही ओळ मी पावतीवर लिहून घ्यायला हवी होती. पैसे भरल्यावर तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही. आता मी ती ओळ लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही देत नाही. एका ठिकाणी नाही म्हणाले, तर मी दुसरा हॉल धरला. सोयीचा नव्हता, पण माणसं ऐकून घेणारी होती.

आवाजाच्या बाबतीत मी इतकी हट्टी का, तर जॅझच्या सिनेमात आवाज हीच गोष्ट असते. 'बर्ड' १९८८चा, क्लिंट ईस्टवुडचा. त्यात चार्ली पार्करच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून त्याचा सॅक्सोफोन वेगळा काढला आणि भोवती नव्या वादकांची साथ वाजवून घेतली. संगीताचं काम लेनी नीहाउसचं. ऑस्कर मिळालं तेही आवाजासाठी. असा सिनेमा गढूळ ऐकवायचा म्हणजे वसंतराव देशपांडेंची मैफल भोंग्यावर ऐकवण्यासारखं आहे. 'राउंड मिडनाइट'चं त्याहून पुढे. १९८६चा, बर्ट्रांड टॅव्हर्निए दिग्दर्शक. नायक डेक्स्टर गॉर्डन खरोखरचा टेनर सॅक्सोफोनवादक, आणि त्यातलं वादन सेटवर, कॅमेरा चालू असतानाच मुद्रित केलेलं. हर्बी हॅन्कॉकला त्याच्या संगीतासाठी ऑस्कर मिळालं, आणि तो स्वतः पियानोवर बसलेलाही दिसतो.

हा सिनेमा आम्ही दुसऱ्या हॉलमध्ये लावला तेव्हा शेवटच्या रांगेत एक काका होते, लग्नाच्या बँडमध्ये तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलेले. त्यांना इंग्रजी येत नाही. खेळ संपल्यावर ते मला म्हणाले, "ताई, हा माणूस खरंच फुंकून राहिला न. बाकी पिक्चरमधले नुसते गाल फुगवतात." ते बघत होते गॉर्डनचा श्वास. स्वर लावण्याआधी तो थांबतो, खालचा ओठ आत घेतो, आणि मग स्वर येतो तो थोडा उशिराच, लयीच्या मागे रेलून. काकांनी मला हाताने करून दाखवलं, बोटं कुठे होती ते. नागपूरला जॅझ झेपत नाही म्हणणाऱ्या तुमच्या मित्राला हे सांगा.

क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या. 'बर्ड'ने सुरुवात करायला नको होती. तो १६१ मिनिटांचा आहे, अंधारात घडतो, काळ पुढे-मागे उड्या मारतो. पार्कर कोण होता हे माहीत असलेल्यांसाठी तो सोनं आहे, नवख्याला मात्र भिंत वाटते. पहिल्या संध्याकाळी मी चक्क 'अलबेला' लावेन, १९५१चा, भगवानदादांचा. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र आपल्या नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, वसंतराव देशपांडेही त्यांच्याकडेच. आणि त्याच सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होता, ज्याला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. 'शोला जो भडके' सगळ्यांना पाठ असतं. त्यात ट्रम्पेट ऐका एवढंच सांगायचं, अर्धं काम झालं.

दुसरा 'नाचोम-इया कुम्पासार', बारद्रॉय बार्रेटोचा कोकणी सिनेमा. साठ-सत्तरच्या दशकातले मुंबईचे गोवेकर वादक, संगीतकार ख्रिस पेरीची गाणी, गायिका लोर्ना आणि ख्रिस यांच्या नात्यावरून सुचलेली गोष्ट. राष्ट्रीय पुरस्कार आहे. निर्मात्यांनी तो स्वतःच गावोगावी खेळ लावून दाखवला होता, त्यामुळे परवानगीसाठी थेट त्यांनाच लिहा. 'बॉम्बे वेल्व्हेट' मी वगळेन; त्यात जॅझ पडद्यामागची झालर आहे. मग 'राउंड मिडनाइट', मग 'बर्ड' पुन्हा, आणि 'व्हिप्लॅश' अगदी शेवटी.

'व्हिप्लॅश'बद्दल एक तक्रार आहे. त्यातला शिक्षक सांगतो की ड्रमवादक जो जोन्सने पोरसवदा पार्करच्या डोक्यावर झांज फेकून मारली आणि त्यातूनच पार्कर घडला. प्रत्यक्षात कॅन्सस सिटीत झांज त्याच्या पायाशी जमिनीवर टाकली होती, थांब एवढंच सांगायला. अपमान झाला हे खरं, पण डोकं फोडायचा प्रयत्न वेगळा. आपल्याकडे गुरूच्या माराच्या गोष्टी आधीच फार गोडीने सांगितल्या जातात, म्हणून तरुण मुलं प्रेक्षकांत असतील तर हे खेळाआधी सांगाच. मी सांगते.

प्रेक्षकांना एक कागद द्या, त्यावर फक्त एक गोष्ट: जॅझची पुष्कळ गाणी बत्तीस मात्रांची नव्हे, बत्तीस खंडांची असतात (खंड म्हणजे त्यांचा 'बार', बहुधा चार मात्रांचा), आणि हे बत्तीस खंड म्हणजे एक आवर्तन. आधी सगळे मिळून बंदिश वाजवतात, मग एकेकजण त्याच आवर्तनांवर विस्तार करतो, शेवटी पुन्हा बंदिश. एवढं कळलं की आपला माणूस आपसूक सम शोधायला लागतो, बोटाने मांडीवर मोजतो. सम आपल्यासारखी ठसठशीत पडत नाही, हेही सांगा, नाहीतर हिरमोड होतो.

मध्यंतराचं राहिलंच. या सिनेमांना मध्यंतर नसतो आणि ऑपरेटर चहाची वेळ झाली की कुठेही थांबवतो. आमच्याकडे एकदा ऐन सोलोत थांबवलं, लोकांनी अक्षरशः 'अरे' म्हटलं. आदल्या दिवशी घरी बसून गाणं संपल्यानंतरची जागा शोधा, मिनिट-सेकंद लिहून ऑपरेटरच्या हातात द्या.

आणि एप्रिल-मे टाळा. एसीचे वेगळे पैसे मागतात, म्हणून आपण कूलर लावतो, आणि कूलरच्या घरघरीत ड्रमवरचे तारेचे ब्रश पूर्ण बुडतात. आमचा एप्रिलातला खेळ असाच गेला. कूलर बंद केला तर लोक घामाने उठतात, चालू ठेवला तर संगीत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा.

तुमचा प्लेअर कुठला आहे आणि हॉलच्या मिक्सरला जाड जॅक लागतो की लाल-पांढरी पिन, तेवढं इथे लिहा. माझ्याकडे दोन्हींच्या लांब वायरी आहेत, धंतोलीतून घेऊन जा. परत करायची घाई नाही, माझा पुढचा खेळ जानेवारीत आहे.