ध्वनिनकाशा आणि तिसरा मजला

प्रश्न : मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलाजवळ आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. रात्री अकरानंतरही मोबाइलवरील ॲप ६५ ते ७० डेसिबल दाखवते. तळमजल्यावरील शेजारी मात्र फारसा त्रास नसल्याचे सांगतात. सोसायटीतर्फे परिसराचा ध्वनिनकाशा, म्हणजे कुठे किती आवाज पोचतो हे दाखवणारा नकाशा, करून महापालिकेकडे द्यावा आणि कुंपणालगत झाडे लावावीत, असा विचार आहे. उपयोग होईल का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : शेजाऱ्यांवर रागावू नका, ते खरेच सांगत आहेत. पुलाची कडा आणि कठडा यांमुळे तळमजला वरच्या वाहनांच्या आवाजाच्या जणू सावलीत असतो, तर आपल्या खिडकीतून वाहने थेट दिसतात. आणि जे वाहन दिसते, त्याचा आवाज अडवायला मध्ये काहीच नसते. म्हणूनच रस्त्याकडेला रंगाचे पट्टे ओढलेला सपाट नकाशा आपल्या कामाचा नाही, त्यात इमारतींची उंची हवी. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या मोफत ऑनलाइन नकाशावर इमारतींच्या आकृत्या असल्या तरी मजल्यांची संख्या बहुधा भरलेली नसते. ती सोसायटीतील मुलांनी गल्लीत फिरून भरली, तर निम्मे काम झाले असे समजा.

नकाशातील आकडे जागोजागी मोजलेले नसून बहुतांशी गणिताने काढलेले असतात. ताशी किती वाहने, त्यांत ट्रक किती, वेग किती आणि मध्ये आडोसा कोणता, यांवरून ते निघतात. क्यूजीआयएस ही मोफत संगणकप्रणाली नकाशा मांडायला पुरेशी आहे. वाहनांची मोजणी मात्र सिंहस्थाच्या गर्दीत करू नये. ती वर्षभराचे चित्र देणार नाही. हॉर्न या गणितात सहसा धरला जात नाही, आणि आपल्याकडे तर तोच मोठा भाग! त्याची नोंद वेळेसह वेगळी ठेवावी. मोबाइलचा आकडा प्रमाणित नसतो, तरी एकाच मोबाइलने एकाच खिडकीत घेतलेल्या नोंदींवरून रात्र आणि पहाट यांतील फरक कळतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत मर्यादा ४५ डेसिबलची आहे. वाहने निम्मी झाली, तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने उतरतो. तेव्हा 'वाहतूक कमी करा' एवढ्या मोघम मागणीपेक्षा रात्रीचा वेग, जड वाहने आणि पुलावरील ध्वनिरोधक भिंत यांचा आग्रह धरावा. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार लाखावर वस्तीच्या शहरी भागांचे असे नकाशे दर ५ वर्षांनी होतात, आणि त्यांत किती रहिवासी किती आवाजात राहतात हेही मोजले जाते. आपणही प्रत्येक मजल्यावरील माणसांची संख्या जोडावी.

झाडांची एक रांग आवाज जवळजवळ अडवत नाही. ती लावायचीच तर दुपारच्या उन्हाने घर तापू नये म्हणून पश्चिमेच्या भिंतीला सावली पडेल अशी लावावी. आवाजामुळे खिडक्या बंद आणि म्हणून दिवसभर एसी चालू, अशी घरे किती, हेही त्याच नकाशावर नोंदवले, तर विजेचा मुद्दाही अर्जात मांडता येईल.