पत्त्यावर, पत्त्याला की पत्त्यावरून?

महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत नेटवर्क सांभाळणाऱ्या वाचकाचा प्रश्न: 'रात्रपाळीच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितोय. आमच्या रेडियस सर्व्हरच्या (नेटवर्कवर येणाऱ्यांची ओळख पडताळणारा सर्व्हर) मशीनला तीन आयपी पत्ते आहेत. मी लिहिलं, "सर्व्हर या पत्त्याला ऐकतो." ठाण्याचा सहकारी म्हणतो, "पत्त्यावर ऐकतो" हवं. कोणाचं बरोबर?'

सहकाऱ्याचं. 'गडकरी रंगायतनमध्ये तिला ऐकलं' म्हणतो तेव्हा 'ला' लागतो तो जिचा आवाज ऐकला तिला. पत्ता काही बोलत नाही, तो ऐकायची जागा आहे, म्हणून 'वर'. (ठाणेकर 'ठाण्याला राहतो' म्हणतात खरं, पण जागेचा हा 'ला' गावाच्या नावाला शोभतो.) 'ला' ठेवायचाच असेल तर क्रियापद बदला. 'सर्व्हर या पत्त्याला बांधलाय' हे अस्सल मराठी आहे, गाय दावणीला बांधतात तसंच.

तुमच्या टिपणात खरी काळजी घ्यायची ती 'वर' आणि 'वरून' यांची. फ्रीरेडियस या रेडियस सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये, कॉन्फिगच्या लिसन विभागात पत्त्याच्या जागी नुसती तारका दिली, तर सर्व्हर मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकतो. मात्र तो उत्तर कुठल्या पत्त्यावरून देईल, हा वेगळा प्रश्न आहे. रेडियस पूर्वापार यूडीपी या निरोप पाठवण्याच्या पद्धतीवर चालतं. त्यात आधी जोडणी होत नसल्यामुळे, सर्व्हरने स्वतः सांगितलं नाही तर ऑपरेटिंग सिस्टिम राउटिंग टेबल (कुठला निरोप कुठल्या वाटेने पाठवायचा याचा तक्ता) बघून निघायचा पत्ता ठरवते. समजा, वायफायच्या अ‍ॅक्सेस पॉइंटने १०.१०.१.५ वर विचारणा केली आणि उत्तर निघालं १०.२०.१.५ वरून. अ‍ॅक्सेस पॉइंट ते टाकून देतो, कारण या पत्त्यावर त्याने काही विचारलंच नव्हतं. मग सर्व्हरच्या लॉगमध्ये होकार पाठवल्याची नोंद आणि अ‍ॅक्सेस पॉइंटच्या लॉगमध्ये 'सर्व्हर उत्तर देत नाही'. दोघंही खरंच बोलतायत! यावर उपाय म्हणजे तारका काढून नेमका पत्ता लिहायचा, किंवा फ्रीरेडियस यूडीपीफ्रॉमटूची सोय धरून बांधलेलं (कंपाइल केलेलं) आहे ना, ते बघायचं. त्या सोयीमुळे विचारणा ज्या पत्त्यावर आली, त्याच पत्त्यावरून उत्तर जातं.

आता 'चं'. 'पोरगा ऐकत नाही' यात कानांचा दोष नसतो. 'कोणाचं ऐकणे' म्हणजे त्याचं मानणे, आणि हा अर्थही तुम्हाला लागणार आहे. सर्व्हर कुठे ऐकतो हे लिसन विभागात ठरतं. कोणाचं ऐकतो हे क्लायंटच्या, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंटसारख्या विचारणा करणाऱ्या उपकरणांच्या, यादीत. यादीत नसलेल्याची विचारणा तो कानाआड करतो. क्लायंटबरोबर ठरलेला गुप्त शब्द कोणता वापरायचा, हेही विचारणा ज्या पत्त्यावरून आली त्यावरून ठरतं. २००० सालच्या आरएफसी २८६५ मध्ये, म्हणजे रेडियसचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजात, तसं बंधनच आहे. तेव्हा क्लायंटलाही दोन-तीन पत्ते असतील, तर यादीत त्याचा 'वरून'चा पत्ता गेला पाहिजे.

जाता जाता: ऑथेंटिकेशनला 'प्रमाणीकरण' चालेल, आधारमुळे तो शब्द रुळलाय. मी 'ओळख पडताळणी' लिहीन. माणूस ओळख पटवतो, सर्व्हर ती पडताळतो. कोण काय करतंय ते क्रियापदातूनच कळतं.

तुमच्या टिपणासाठी मजकूर असा सुचवतो:

'सर्व्हर १०.१०.१.५ या पत्त्यावर, १८१२ या पोर्टवर ऐकतो. यादीतल्या क्लायंटचंच ऐकतो. उत्तरही १०.१०.१.५ वरूनच देतो. एखादं जुनं उपकरण १६४५ या पोर्टवर विचारत असेल, तर त्याचं सेटिंग बदला.'

कॉन्फिगच्या फाइलीत आकडे मात्र इंग्रजीच टाका. देवनागरी १० तिथे चालणार नाही.