नोकरीसाठी पणजीला येतोय. गोव्यात ख्रिश्चन बहुसंख्य आहेत आणि मराठी चालत नाही, हे खरं का?

नाही, दोन्ही गैरसमज आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार गोव्यात सुमारे 66 टक्के हिंदू आणि 25 टक्के ख्रिश्चन आहेत. 1987 च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोंकणी राजभाषा असली, तरी सरकारी कामासाठी मराठीलाही मुभा आहे. ‘नवप्रभा’, ‘गोमन्तक’ ही मराठी दैनिकं इथलीच. मी पणजीतच राहतो; बाजारात, बसमध्ये मराठी बोललात तर कुणाचं अडत नाही. मात्र घरात, रस्त्यावर भाषा कोंकणीच, आणि दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात मराठी कमी ऐकू येते. एक कळकळीची विनंती: कोंकणीला ‘मराठीची बोली’ म्हणू नका, माणसं खरोखर दुखावतात. ‘कितें’ (काय), ‘जाय’ (हवं), ‘नाका’ (नको) एवढं लगेच शिका.